बेने इस्राएल आणि हिब्रू विद्येचे अध्ययन

यहुदी लोकांचा इतिहास, त्यांचे वाङ्मय व त्यांचा धर्म हा विद्यापीठात तीन-चार वर्षे घालून शिकण्याचा विषय आहे, असे म्हटले तर आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांतही लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. वैद्यकी, कायदा, यंत्रविद्या ह्यांची नावे घेतली की वडील मंडळींच्या माना डोलतात; संस्कृतचे नाव घेतले तर ती निदान आदराने गप्प बसतात; परंतु हिब्रूचे नाव निघाले की ‘त्याचा आपल्याशी काय संबंध?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. रास्त प्रश्नास उत्तर देणे हे शाळा सुटून इतकी वर्षे झाली तरी आम्हांस आपले काम वाटते. म्हणून तो संबंध किती जवळचा आहे, हे ह्या लेखात वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही राहतो ती पाली रत्नागिरी तालुक्यातील, मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर हातखंब्याच्या पुढे लागणारी. परगावच्या माणसास ‘पाली’ म्हटल्याबरोबर अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराची पाली आठवते, आणि दर वेळी ‘ती नव्हे, ही’ असा खुलासा आम्हां पालीकरांस करावा लागतो. ती दुसरी पाली पूर्वी भोर संस्थानात होती, आता रायगड जिल्ह्यात आहे. तिच्या आसपासच्या मुलखात, म्हणजे पेण, अलिबाग, रोहे, रेवदंडा ह्या भागातील खेड्यांतून, जो समाज शेकडो वर्षे घाण्यावर तेल गाळीत व शेती करीत राहिला, त्याची कथा ही आपल्या प्रश्नाची खरी सुरुवात होय. त्या समाजाचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरे.

ह्या लोकांची आडनावे पाहिली तर आपली व त्यांची आडनावे एकाच टाकसाळीतील आहेत हे चटकन ध्यानात येते. किहीमचे केहीमकर, राजपूरचे राजपूरकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. घरची भाषा मराठी, बायकांचा पोशाख मराठी, गळ्यात मंगळसूत्र. शेजारचे लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे आणि त्या दिवशी ते कोणतेही काम करीत नसत. सोमवारी घाणा न चालविणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी न चालविणारे ते शनिवार तेली, इतकीच गावाची समजूत. शनिवार पाळण्याचे मूळ कोठे आहे, हे गावास ठाऊक नव्हते. आणि बराच काळपर्यंत पाळणारांसही ते पूर्णपणे ठाऊक नव्हते.

त्यांची परंपरागत कथा अशी की, फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज गलबतातून येत असता अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. जी बुडाली त्यांची प्रेते नवगावास पुरली. ती जागा तेथे आजही दाखवितात. वाचलेल्यांची पोथ्या-पुस्तके समुद्रात गेली आणि जे तोंडपाठ होते तेवढेच शिल्लक राहिले.

ही कथा वाचताच आमच्या वाचकांपैकी चित्तपावन मंडळींस सह्याद्रिखंडातील कथेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही समुद्रकिनारा, तेथेही चौदा हीच संख्या. फरक इतकाच की परशुरामाने किनाऱ्यास लागलेली चौदा प्रेते जिवंत केली, असे तेथे सांगितले आहे. ह्या साम्यावरून दोन्ही समाज एकाच कुळातले, असे अनुमान काही हौशी लेखकांनी काढले आहे. आम्हांस ते मान्य नाही. दोन कथांतील साम्य हे कथांच्या देवघेवीचा पुरावा होऊ शकते, रक्ताच्या नात्याचा नव्हे. एकाच किनाऱ्यावर शेजारी नांदणाऱ्या लोकांच्या कथा एकमेकींकडून रंग घेतात, यात नवल ते काय? परंतु हे साम्य कसे आले, कोणती कथा केव्हापासून लिहिलेली आढळते, हे शोधावयाचे म्हटले तर शोधकास संस्कृतही पाहिजे आणि यहुदी परंपरेची माहितीही पाहिजे. येथेच पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

पुस्तके बुडाल्यावर काय उरले, हे पाहणे मोठे बोधप्रद आहे. ‘शमा’ नावाचे एकेश्वराचे वचन त्यांच्या मुखी राहिले आणि जन्म, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी तेच एक म्हटले जाई. शनिवारचा विसावा राहिला. मुलाची आठव्या दिवशीची सुंता राहिली. ज्या माशास खवले व पर नाहीत तो खावयाचा नाही, हा नियम राहिला. दावीद रहाबी नावाचा कोणी यहुदी कोकणात आला, तेव्हा त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेविले. त्यांनी खवल्यांचे तेवढे निवडून घेतले व बाकीचे बाजूस सारले, आणि त्यावरून त्याने आपले लोक ओळखले, अशी आख्यायिका त्या समाजात सांगतात. रहाबी केव्हा होऊन गेला ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण आख्यायिकेतील मर्म आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. शास्त्र बुडाले, पण स्वयंपाकघरात आचार टिकला.

सणांची नावे तर ऐकण्याजोगी आहेत. यहुदी वर्षारंभास ते ‘नव्याचा सण’ म्हणत. मोठ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून, कोणास न शिवता, उपवास करून घरात बसावयाचे. त्यास ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. यरुशलेमचे देवालय पडले त्या दिवसाच्या सुतकात वालाचे बिरडे करून खात, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. हामानाच्या कपटातून यहुदी वाचले तो पुरीम नावाचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. मांस दुधात शिजवू नये ही त्यांची आज्ञा. कोकणात नारळ मुबलक, तेव्हा त्या ठिकाणी नारळाचे दूध आले. नवस फेडण्याकरिता एलियाहू नबीच्या नावाने गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचा ‘मलिदा’ करतात, तो तर थेट आपल्याच चुलीवरचा पदार्थ. अलिबागेनजीक खंडाळे गावी खडकावर एक खूण आहे. एलियाहू नबी तेथून रथासह स्वर्गास गेला अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि मलिद्याकरिता आजही लोक तेथे जातात.

मायमोनिदीझ नावाचा यहुद्यांचा थोर धर्मशास्त्री बाराव्या शतकात मिसर देशी होऊन गेला. ११३८ ते १२०४ हा त्याचा काळ. त्याने एका पत्रात असे लिहिले आहे की, हिंदुस्थानातील यहुद्यांस शनिवार व सुंता ह्यांपलीकडे धर्मशास्त्राची काही माहिती नाही. पत्रातील उल्लेख कोकणच्याच यहुद्यांस अनुलक्षून असेल असे खात्रीने म्हणवत नाही. परंतु वर्णन मात्र त्यांस तंतोतंत लागू पडते. आचार आहे आणि ग्रंथ नाही, अशी ही अवस्था. आपल्याकडे हल्ली ग्रंथ कपाटात आहेत आणि आचार सुटत चालला आहे; तेव्हा ह्या उलट्या चित्राकडे पाहून हसण्याचा अधिकार आपणांस फारसा नाही.

आता ग्रंथ परत कसा आला ते पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल लोक कंपनी सरकारच्या पलटणींत शिरले व मुंबईस वसू लागले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल इझिकेल, ह्यांनी १७९६ साली मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधिले. मुंबईतील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यावरूनच पडले. पुढे कोचीनहून यहुदी शिक्षक आले व प्रार्थनेचा विधी शिकवू लागले. १८२९ साली डॉक्टर जॉन विल्सन हे स्कॉटिश पाद्री मुंबईस आले. त्यांनी ह्या लोकांकरिता मराठी भाषेत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक रचून १८३२ साली छापिले. मराठीतून हिब्रू शिकविणारे व्याकरण, आणि तेही दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध होण्याच्या चार वर्षे अगोदर! आमच्यासारख्या जन्मभर रूपे घोकविणाऱ्या मास्तरास ह्याचे कौतुक वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

पाद्र्यांचा हेतू उघड होता. जुना करार वाचता वाचता हे लोक नव्या करारापर्यंत येतील, अशी त्यांची अटकळ. झाले ते निराळेच. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, जुना करार घेतला, आणि बहुतेक सर्व आपल्या धर्मात अधिक घट्ट झाले. ज्यांस आजवर आपण शनिवार का पाळतो हे सांगता येत नव्हते, त्यांस आता अध्याय व श्लोक दाखविता येऊ लागला. परकीयांच्या शाळेत शिकल्याने माणूस परका होतोच असे नाही; कित्येकदा तो तेथेच प्रथम आपला होतो.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. त्याच्या परीक्षांत इंग्रजीबरोबर एक अभिजात भाषा घ्यावी लागे, आणि संस्कृत, लॅटिन, ग्रीक, अरबी ह्यांच्या पंक्तीस हिब्रूसही स्थान मिळाले. त्या पंक्तीत बसलेल्या एका पुरुषाचे नाव प्रत्येक मराठी शिक्षकास ठाऊक असले पाहिजे, आणि ते जवळजवळ कोणासच ठाऊक नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे ते गृहस्थ. पाद्र्यांच्या विद्यालयात ते शिकले, मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन ह्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते, विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले व फेलोही झाले. शाळेचे काम सांभाळून त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची वीसहून अधिक मराठी भाषांतरे केली. रोजच्या प्रार्थना, उपवासाच्या प्रार्थना, सणांच्या प्रार्थना अशी एक एक पोथी त्यांनी मराठीत आणली; त्यामुळे घरातील आजीबाईसही आपण काय म्हणतो ते कळू लागले. विद्यापीठात मिळविलेली विद्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविणे ह्याहून शिक्षकाचे मोठे काम कोणते असेल, ते आम्हांस सुचत नाही.

ह्याच काळात आणखी एक पुस्तक निघाले. वल्हांडणाच्या रात्री घरातील सर्वांनी मिळून मिसर देशातील दास्यातून सुटल्याची कथा वाचावयाची, असा यहुद्यांचा विधी आहे; त्या पोथीस ‘हग्गादा’ म्हणतात. हिब्रू मूळ व मराठी अर्थ अशी हग्गादा मुंबईस १८४६ साली निघाली, व दुसरी, सचित्र अशी, १८७४ साली पुण्यास निघाली. ही दुसरी पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री ह्यांच्या छापखान्यात छापली गेली. चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटीत आहेत. पुण्याच्या अग्निहोत्र्यांचा छापखाना आणि मोशेची कथा! १९६८ साली ह्या पोथीची जशीच्या तशी प्रतिकृती अमेरिकेत काढण्यात आली. आपल्यापैकी किती जणांनी मूळ प्रत पाहिली आहे?

पुढे १८८० च्या सुमारास ह्या समाजाने कीर्तनाची प्रथा उचलली. बुवा उभे, हाती चिपळ्या, पूर्वरंग व उत्तररंग, साक्या, दिंड्या, आर्या सर्व काही. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे किंवा मोशेचे. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर (१८३०–१९०८) ह्यांनी मुंबईस समाजाकरिता शाळा काढली. त्याच केहीमकरांनी आपल्या लोकांचा समग्र इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला; परंतु छापण्यास आश्रय मिळाला नाही. लेखक वारले, हस्तलिखित पडून राहिले, आणि अखेर १९३७ साली तेल अवीव येथे ते प्रसिद्ध झाले. लिहिल्यापासून छापण्यापर्यंत चाळीस वर्षे! तरी ते वाळवीच्या तोंडातून वाचले हे भाग्य. आपल्या गावोगावच्या किती बखरी व किती दप्तरे अशी सुटली नाहीत, हे मनात आणून वाचकांनी ह्या गोष्टीकडे पाहावे.

येथवर समाजाची कथा झाली. आता विद्येच्या स्वरूपाविषयी थोडे सांगू. कारण ज्यास संस्कृताचा गंध आहे त्यास ही विद्या मुळीच परकी वाटणार नाही. यहुद्यांचे मूळ धर्मग्रंथ चोवीस, त्यांत मोशेची पाच पुस्तके मुख्य. लिपीत बावीस अक्षरे, उजवीकडून डावीकडे लिहावयाची, आणि मुळात केवळ व्यंजने. उच्चार परंपरेने चालत आला. तो लुप्त होऊ नये म्हणून सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरिया येथील पंडितांनी स्वरांच्या व पठणाच्या खुणा बसविल्या, अक्षरे मोजिली, कोणता शब्द किती वेळा आला ते टिपून ठेविले. आपल्या वैदिकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन ह्या योजनांनी जे साधिले तेच त्यांनी निराळ्या मार्गाने साधिले. आपण मुखाच्या बळावर, त्यांनी लेखणीच्या.

मूळ ग्रंथानंतर स्मृती. सुमारे इसवी सन २०० मध्ये ‘मिश्ना’ नावाचा धर्मनियमांचा संग्रह सहा विभागांत सिद्ध झाला. त्यावर पुढील तीन-चार शतकांत बाबिलोनच्या पाठशाळांत जी चर्चा झाली ती मिळून ‘तालमूद’ झाला. तालमूदाचे पान पाहावे: मध्यभागी मूळ, एका बाजूस अकराव्या शतकातील राशी नामक टीकाकाराचे भाष्य, दुसऱ्या बाजूस त्याच्या अनुयायांच्या शंका व समाधाने. आपल्याकडील सटीक पोथीचीच ही मांडणी. हिल्लेल व शम्मै ह्या दोन आचार्यांच्या संप्रदायांचे मतभेद जागोजाग नमूद केले आहेत, आणि ज्याचे मत ग्राह्य झाले नाही त्याचेही मत गाळलेले नाही. पूर्वपक्ष पुसून टाकावयाचा नाही, हा आमच्या मीमांसकांचा दंडक तेथेही दिसतो. १९२३ साली पोलंडमधील एका धर्मगुरूने रोज एक पत्र वाचण्याचा नेम सुचविला. एकंदर पत्रे २७११, म्हणजे साडेसात वर्षांनी एक पारायण. आज जगभर लाखो माणसे एकाच दिवशी एकच पत्र वाचतात. ज्ञानेश्वरीचा नित्यपाठ ठेवणाऱ्या घरास ह्यातील गोडी समजावून सांगावयास नको.

शब्दांची नातीही मनोरंजक आहेत. हिब्रू ग्रंथांत वानरास ‘कोफ’ म्हटले आहे. तो शब्द आपला ‘कपि’ असावा, असे पुष्कळ पंडित मानतात. एस्तेरच्या पुस्तकात ‘कर्पस’ नावाचे वस्त्र येते. ते आपले ‘कार्पास’, म्हणजे कापूस. त्याच पुस्तकाच्या आरंभी इराणच्या बादशहाचे राज्य ‘होदू’पासून कूशपर्यंत एकशे सत्तावीस प्रांतांवर होते असे सांगितले आहे, ते ‘होदू’ म्हणजे हिंदुस्थान. व्यापारी आले-गेले आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर शब्दही गेले. कैरो शहरात एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या कोठीत टाकून दिलेल्या कागदांचा ढीग होता. त्यातील सुमारे दोन लक्ष तुकडे सॉलोमन शेख्टर ह्या पंडिताने १८९६–९७ साली केंब्रिजला नेले. ते लावता लावता बाराव्या शतकात मंगळुरास राहून पितळेचे कारखाने चालविणाऱ्या अब्राहाम बेन यिजू ह्या यहुदी व्यापाऱ्याची पत्रे हाती लागली, आणि पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराचा एक अंधारा काळ उजळला. आपल्या किनाऱ्याचा इतिहास हिब्रू लिपीतील अरबी पत्रांत सापडावा, ही गोष्ट ‘आपला काय संबंध’ म्हणणारांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

युरोपातील विद्यापीठांनी हा विषय कसा स्वीकारला तेही पाहावे. ऑक्सफर्डला हिब्रूचे राजाश्रित अध्यापकपद १५४६ साली निघाले. पण ते ख्रिस्ती धर्मशास्त्र नीट कळावे म्हणून. यहुद्यांचा अभ्यास यहुद्यांकरिता व इतिहासाकरिता करावा, ही कल्पना १८१९ साली बर्लिनमध्ये लिओपोल्ड झुंझ व त्याचे मित्र ह्यांनी मांडिली. विद्यापीठांनी तीस दार उघडिले नाही. म्हणून १८५४ साली ब्रेस्लाऊ येथे व १८७२ साली बर्लिन येथे त्यांस स्वतःच्या पाठशाळा काढाव्या लागल्या. १९२५ साली हार्वर्डमध्ये व १९३० साली कोलंबियात स्वतंत्र अध्यापकपदे झाली; १९२५ सालीच यरुशलेमास हिब्रू विद्यापीठ उघडले. बर्लिनची पाठशाळा १९४२ साली नाझी राजवटीने बंद केली, आणि त्या राजवटीने सुमारे साठ लक्ष यहुद्यांची कत्तल केली. पोथी वाचणारा गेला की पोथी मुकी होते, हे तेथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. पुण्यास १९१७ साली भांडारकर संशोधन मंदिर निघाले व महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. श्रद्धेचा ग्रंथ चिकित्सेने वाचिला म्हणून श्रद्धा मोडत नाही, हे त्या कामाने आम्हांस शिकविले. तोच धडा झुंझ आपल्या लोकांस शिकवीत होता.

परंतु इतिहासाचा हा अभ्यास नुसती विद्वानांची करमणूक आहे काय? आमच्या कोकणच्या माणसांवरच जो प्रसंग गुदरला तो ऐकावा. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. तेव्हा भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते; पुढील काळात बहुसंख्य तिकडे गेले. तेथील धर्मपीठाने १९६०च्या सुमारास शंका काढिली की, हे लोक शतकानुशतके शास्त्रापासून दूर राहिले. ह्यांचे घटस्फोट व विधवांचे पुनर्विवाह शास्त्रशुद्ध रीतीने झाले असतील काय? नसल्यास ह्यांच्याशी इतर यहुद्यांनी विवाह कसा करावा? १९६१–६२ साली विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याच्या आज्ञा निघाल्या. ज्यांनी पुस्तक नसता शनिवार सांभाळिला, त्यांच्या लेकीसुनांस ‘तुमची आजी कोण, पणजी कोण?’ असे विचारू लागले. कोकणातून गेलेली माणसे यरुशलेमच्या रस्त्यावर सत्याग्रहास बसली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ते सर्वतोपरी यहुदीच आहेत असा ठराव केला व धर्मपीठाने आज्ञेतील त्यांचा निर्देश काढून टाकिला. एखाद्या समाजाचा भूतकाळ कसा वाचावा ह्यावर त्याच्या मुलीचे लग्न ठरावे, ह्याहून विद्येची कसोटी ती कोणती! २०१६ साली जनुकशास्त्रज्ञांनी ह्या लोकांत मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा अंश असल्याचे प्रसिद्ध केले. जी गोष्ट आख्यायिका सांगत होती, तिला प्रयोगशाळेने दुजोरा दिला. परंतु ती माणसे कोणत्या भावनेने जगली, हे रक्ताचा थेंब सांगत नाही. ते सांगणारी पुस्तके मराठीत आहेत.

आता येथे ह्या लोकांपैकी काही थोडे हजारच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबाग, रेवदंडा, पेण येथील प्रार्थनामंदिरे उभी आहेत. प्रार्थनेस दहा पुरुष लागतात, ते जमविणे मात्र कठीण झाले आहे. इस्राएलात गेलेल्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. तरी नातवंडांची भाषा हिब्रू झाली, हे ओघानेच आले. म्हणजे येथे हिब्रू वाचणारे नाहीत आणि तेथे मराठी वाचणारे ओसरत आहेत. राजपूरकरांची भाषांतरे, कीर्तनांची आख्याने, हग्गादा, समाजाची जुनी मासिके ही सर्व दोहोंच्या मधोमध पडली आहेत. ज्यास मराठी व हिब्रू दोन्ही येतात, तोच ती बोलती करू शकेल.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अलीकडेच पत्राने विचारिले की, कन्या हुशार आहे, संस्कृत उत्तम आहे, आणि तिला परदेशी विद्यापीठात हाच विषय घ्यावयाचा आहे. घरात आजोबा, काका, आत्या सर्वांचे मत विरुद्ध. तर काय करावे? त्यास आम्ही जे लिहिले त्याचा सारांश येथे देतो, कारण असे प्रसंग पुष्कळ घरांत येतील.

पहिला आक्षेप धर्माचा: परधर्म शिकून स्वधर्म सुटेल. त्याचे उत्तर राजपूरकर. ते पाद्र्यांच्या विद्यालयात शिकले आणि आपल्या धर्माचे भाषांतरकार झाले. ज्या घरात सायंकाळी शुभंकरोति होते, त्या घराची मुलगी तालमूद वाचून बिघडेल ही भीती आपल्याच संस्कारांवरचा अविश्वास होय. दुसरा आक्षेप राजकारणाचा: पॅलेस्टाईनचा वाद पेटलेला असता ह्या विषयात कशास पडावे? आमचे मत असे की एखाद्या लोकांचा ग्रंथ वाचणे म्हणजे त्यांच्या सरकारचे वकीलपत्र घेणे नव्हे. उलट अशा वादात वर्तमानपत्रांपलीकडचे माहीत असलेला एखादा तरी माणूस गावात असावा.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि तो खरा आहे. ह्या विषयाच्या जागा थोड्या, शिष्यवृत्त्या मिळतात पण स्पर्धा मोठी, आणि शिकून आल्यावर नोकरी लगेच हाती येईल अशी हमी कोणी देणार नाही. ज्या घरात मिळविता एक व खाणारी आठ, तेथे आम्ही हा सल्ला देणार नाही. तेथे मुलीने आधी स्वतःच्या पायावर उभे राहावे व हिब्रू घरी शिकावी. बावीस अक्षरे पंधरा दिवसांत येतात. धातू तीन व्यंजनांचा असतो व त्यावरून रूपे बनतात, हे धातुपाठ घोकलेल्यास जड जाऊ नये. परंतु ज्या एकत्र कुटुंबात चार कमावती माणसे आहेत, तेथे एकाने तरी असा बिनफायद्याचा विषय घ्यावा. एकत्र कुटुंबाचा उपयोग तरी दुसरा कोणता? पूर्वी अशाच कुटुंबांनी एका भावास शेती, दुसऱ्यास भिक्षुकी व तिसऱ्यास काशीस अध्ययन वाटून दिले. काशीस गेलेल्या भावाच्या वाट्याची भाकरी बाकीच्यांनी नांगरून पिकविली, म्हणून आपल्या घरी आज पोथ्या आहेत.

आणखी एक सूचना त्या कन्येस व तिच्यासारख्या सर्वांस. परदेशी जाण्यापूर्वी एकवार अलिबाग, नवगाव, रेवदंडा पाहून यावे. प्रार्थनामंदिराच्या कारभाऱ्यांची परवानगी मागून आत जावे, डोके झाकावे, आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसून सणांची जुनी मराठी नावे लिहून घ्यावी. ती नावे कोणत्याही परदेशी विद्यापीठाच्या ग्रंथालयापेक्षा त्यांच्या तोंडी अधिक जिवंत आहेत, आणि ती तोंडे फार दिवस राहणार नाहीत. मग यरुशलेमास जावे, ऑक्सफर्डला जावे, कोठेही जावे. तेथील अध्यापक तालमूद शिकवितील. बिरड्याचा सण त्यांस हिनेच शिकवावा लागेल.